पाऱ्याचा सेल गेला, म्हणून कॅमेरा का जावा?



गेल्या पंधरवड्यात आलेल्या पत्रांत लासलगावच्या एका भगिनीचं पत्र चांगलं चार पानी आहे. त्यांचे सासरे मोठे हौशी. १९७५-७६ च्या सुमारास कुवेतला असलेल्या मेव्हण्यानं त्यांना ‘कॅननेट क्यूएल १७’ हा कॅमेरा आणून दिला. घरातल्या मुंजी-लग्नं, मार्केट यार्डाबाहेरच्या बैलगाड्यांच्या रांगा, दारात आलेला पहिला ट्रॅक्टर आणि त्याला हळदकुंकू लावणाऱ्या सासूबाई, हे सगळं त्याच कॅमेऱ्यानं टिपलेलं. सासरे गेल्याला आता बारा वर्षं झाली. येत्या मार्गशीर्षात सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन आहे, आणि नातीनं हट्ट धरलाय की आजीचे फोटो काढायचे ते आजोबांच्याच कॅमेऱ्यानं. सासूबाई तोंडानं ‘कशाला गं’ म्हणतात, पण कॅमेऱ्याचं कातडी पाकीट त्यांनी स्वतः खोबरेल लावून पुसून ठेवलं आहे!

अडचण आहे ती सेलची. आतला जुना सेल कधीच संपला होता. मुलीच्या भावानं खेळण्यातला एक बटण सेल काढला, चॉकलेटचा चंदेरी कागद गुंडाळून तो आत बसवला. पाठीमागचं बटण दाबल्यावर दिवा लागला, म्हणून सगळे खूश झाले. त्याच भरवशावर चुलत नणंदेच्या साखरपुड्याला अख्खा रोल काढला. तो पुण्याहून धुऊन आला तेव्हा निम्म्याहून जास्त फोटो काळवंडलेले. नवरी कोण नि करवली कोण ते साडीवरून ओळखायचं. नाशिकच्या एका दुकानदारानं सांगितलं, “बाई, याचा सेल आता बनतच नाही. शोकेसमध्ये ठेवा, नाहीतर मोडीत द्या.” तर काय करावं, असं या भगिनी विचारतात.

मोडीत देऊ नका, एवढं आधी सांगून टाकते. पण पत्राच्या तिसऱ्या पानावर एक वाक्य आहे, त्याचं उत्तर आधी द्यायला हवं. त्या लिहितात, “आतून निघालेला जुना सेल पांढरा पडला होता, तो मी शिवणाच्या डब्यात टाकून ठेवलाय.” अहो, तो आधी तिथून काढा!

त्या सेलमध्ये पारा आहे. ताप मोजायच्या जुन्या काचेच्या नळीत असायचा तोच पारा. या जातीच्या सेलच्या वजनाचा तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, पाऱ्याचाच असे. पांढरा भुगा दिसतोय याचा अर्थ सेल फुटून आतला क्षार बाहेर येऊ लागला आहे. शिवणाच्या डब्यात आपण बोटं घालतो, सुईचा दोरा ओला करायला तोंडात धरतो. नातवंडं बटणं खेळायला मागतात, आणि हा सेल दिसतो थेट बटणासारखाच. तेव्हा आज दुपारी एवढं काम करा. हातात रबरी मोजे घाला. त्याआधी बांगड्या, अंगठी काढून ठेवा आणि मंगळसूत्र पदराआड घ्या. हे मी उगीच भीती घालायला सांगत नाही. पारा सोन्याला लागला की सोनं पांढरं पडतं नि ठिसूळ होतं, पुसून तो डाग जात नाही. चिमट्यानं तो सेल उचलून घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत टाका, वर ‘पारा’ अशी चिठ्ठी चिकटवा नि बाटली मुलांच्या हाताला न लागेल अशी ठेवा. डब्यातली रिळं-बटणं टाकून द्यावी लागली तरी हळहळू नका. तीही त्याच बाटलीबरोबर, एका पिशवीत बांधून.

हा सेल घंटागाडीत टाकू नये, परसातल्या कचऱ्यात तर मुळीच नाही. आपल्याकडे वाळला पालापाचोळा नि कागद पेटवून द्यायची सवय आहे. आगीत पाऱ्याची वाफ होते आणि ती श्वासावाटे पोटात जाते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं वापरलेल्या बॅटऱ्यांविषयी नवे नियम काढले. त्यांत सेल बनवणाऱ्यांवर ते परत गोळा करण्याची जबाबदारी टाकली आहे. तेव्हा नाशिकला फेरी होईल तेव्हा ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राची चौकशी करून ती बाटली तिथं द्या. तोवर बाटलीत ती कुणाला त्रास देणार नाही.

आता दुकानदाराचं म्हणणं. पाऱ्याचा सेल बनत नाही, हे त्यानं खरंच सांगितलं. मात्र तो का बनत नाही हे कळलं की राग थोडा कमी होतो.

सॅम्युएल रुबेन नावाच्या अमेरिकन संशोधकानं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ च्या सुमारास, हा सेल तयार केला. लहानसा, पण टिकाऊ. पुढे तो कानाच्या यंत्रांत, घड्याळांत आणि १९६०-७० च्या दशकांत कॅमेऱ्यांत सर्रास आला. त्याच काळात जपानमध्ये दुसरीच गोष्ट उघडकीला येत होती. क्यूशू बेटावरच्या मिनामाता गावी एका रासायनिक कारखान्याचं सांडपाणी वर्षानुवर्षं खाडीत सोडलं जात होतं, नि त्यात पारा होता. तो माशांत उतरला, माशांतून मांजरांत नि माणसांत. मांजरं वेड्यासारखी गरगरू लागली. माणसांचे हातपाय वळू लागले, बोलणं अडखळू लागलं, दिसेनासं झालं. १९५६ साली या रोगाची अधिकृत नोंद झाली. आपल्या जातीला चटका लावणारी गोष्ट पुढेच आहे. कित्येक आयांना स्वतःला फारसा त्रास जाणवला नाही, पण त्यांच्या पोटातल्या बाळांना तो विकार जन्मतःच घेऊन यावं लागलं. आईच्या अंगातला पारा वार ओलांडून बाळाकडे गेला होता.

त्या गावाचंच नाव दिलेला आंतरराष्ट्रीय करार २०१३ च्या ऑक्टोबरात कुमामोतोला झाला, २०१७ पासून लागू झाला आणि भारतानं तो २०१८ च्या जूनमध्ये मान्य केला. अमेरिकेनं तर असे सेल विकायला १९९६ सालीच कायद्यानं बंदी घातली होती, युरोपनंही पाठोपाठ घातली. म्हणजे हा सेल कुणा कंपनीच्या लहरीनं बंद झालेला नाही. बंद झाला ते बरंच झालं. कुठे एखाद्या जुन्या बाजारात ‘शिल्लक माल’ म्हणून तो दिसला तरी घेऊ नका. एक तर तो पडून पडून मेलेला असतो, आणि नसला तरी आणखी एक बाटली भरायची कशाला?

मग दुसरा कुठलाही सेल चालेल का? इथेच साखरपुड्याचा रोल वाया गेला.

तुमच्या कॅमेऱ्यात सेल कशासाठी असतो हे आधी पाहू. कॅननेटचा खटका सेलवर चालत नाही, तो आतल्या कमानीवर चालतो. सेल चालवतो फक्त उजेड मोजणारा काटा. लेन्सजवळच्या बारीक डोळ्यावर उजेड पडला की त्यातून वीज वाहते. जितका उजेड जास्त तितकी वीज जास्त नि काटा तितका पुढे. ‘ए’ वर कॅमेरा ठेवला की त्या काट्याला प्रमाण मानून तो स्वतःच लेन्सचं भोक लहानमोठं करतो. म्हणजे काटा खोटं बोलला की फोटो बिघडला.

काटा आखला होता १.३५ व्होल्ट धरून. पाऱ्याच्या सेलचा मोठा गुण हाच होता की पहिल्या दिवशी १.३५, सहा महिन्यांनीही १.३५, आणि संपताना एकदम संपायचा. महिन्याच्या एक तारखेला ठरलेला पगार यावा तसा. म्हणून कंपन्यांनी त्याच्याच भरवशावर कॅमेरे बांधले. खेळण्यातला तो एलआर ४४ सेल अल्कलाइन जातीचा. तो सुरू होतो १.५ व्होल्टला आणि वापराबरोबर हळूहळू उतरत जातो. लासलगावच्या बायकांना हे समजावून सांगायला नको. सकाळच्या लिलावात एक भाव, दुपारी दुसरा नि पुढच्या आठवड्यात तिसराच! वीज जोराची मिळाली की काटा उगीच पुढे धावतो. कॅमेऱ्याला वाटतं, उजेड भरपूर आहे. तो भोक लहान करतो आणि फिल्मवर पुरेसा उजेड पडतच नाही. दिवा लागला म्हणून सेल बरोबर, असं समजू नका. तो दिवा सेलमध्ये जीव आहे एवढंच सांगतो. सेल योग्य दाबाचा आहे की नाही हे त्याला कळत नाही.

रंगीत निगेटिव्हचं एक आहे, उजेड थोडा जास्त झाला तर ती सांभाळून घेते. कमी झाला तर सावलीतलं काहीच उमटत नाही. आणि जे उमटलंच नाही ते छापणारा कुठून आणणार?

चंदेरी कागदाचं तर बोलायलाच नको. तो सरकून सेलच्या दोन्ही तोंडांना एकदम टेकला की सेल तापतो आणि फुटूही शकतो.

तर आता उपाय. तो बहुधा तुमच्याच ओळखीपाळखीत कुठल्यातरी आजोबांच्या कानात असेल! कानामागे लावायच्या जोरकस श्रवणयंत्रात जो मोठा सेल असतो, त्याला ६७५ नंबरचा सेल म्हणतात. पाकिटाला निळी खूण असते, सेलवर चिकटपट्टी असते. हा जस्त आणि हवेवर चालणारा सेल. त्याच्यावर १.४ व्होल्ट लिहिलेलं असलं तरी कॅमेऱ्याच्या काट्याला तो जुन्या पाऱ्याच्या सेलच्या अगदी जवळचा दाब देतो, आणि संपेपर्यंत जवळजवळ तसाच देत राहतो. नाशिकला श्रवणयंत्रांच्या कुठल्याही दुकानात मिळेल, मोठ्या औषधांच्या दुकानांतूनही ठेवतात. सहाची चकती येते. मागताना ‘कॅमेऱ्याचा सेल’ म्हणून मागू नका, दुकानदार मान हलवील. ‘कानाच्या यंत्राचा ६७५’ म्हणून मागा.

माप मात्र थोडं वेगळं आहे. जुना सेल सुमारे १६ मिलिमीटर रुंद होता, हा साडेअकराच आहे. म्हणून सेल जागेत हलतो आणि मधूनच काटा पडतो. नळाच्या सामानाच्या दुकानात रबरी वायसर मिळतात. बाहेरून सोळा नि आत साडेअकरा-बाराचा एखादा निवडून आणा. सेल त्यात नीट बसतो. वायसर नाहीच मिळाला तर पोस्टकार्डाच्या जाडीच्या कागदाची पट्टी सेलभोवती गुंडाळा. काही कॅमेऱ्यांत विजेचा संबंध सेलच्या कडेनं येतो, तिथे रबर-कागद चालत नाही, पितळेची कडी लागते. रबर लावून काटा हललाच नाही तर हेच कारण समजा. ओळखीच्या सोनाराकडून किंवा भांडी डागणाऱ्याकडून ती करून घेता येते. सेल उंचीलाही थोडा कमी आहे. आतली पट्टी स्प्रिंगची असल्यानं बहुधा भागतं, नाहीतर चंदेरी कागदाची बारीक घडी सेलच्या फुगीर, म्हणजे उणे, बाजूखाली ठेवावी. सपाट अधिक बाजूला बारीक छिद्रं असतात, ती बुजवू नका. तिथूनच तो श्वास घेतो. अधिक-उण्याची खूण झाकणाच्या आत पाहून मगच बसवा.

चिकटपट्टी काढल्यावर लगेच आत टाकू नका. चार-पाच मिनिटं हवेवर राहू द्या, तोवर सुपारी कातरून होईल. आणि एकदा पट्टी काढली की सेलचं आयुष्य सुरू झालं, तुम्ही फोटो काढा वा न काढा. काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने. तुमच्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात आतला ओलावा उडून तो आणखी लवकर जातो. पट्टी परत चिकटवून फार उपयोग होत नाही. न सोललेले मात्र कपाटात दोन-तीन वर्षं सहज टिकतात. म्हणून कार्याच्या आदल्या दिवशीच सोलायचा नि दुसरा एक पर्समध्ये जादा ठेवायचा.

याहून चिरकाल टिकणारी सोय हवी असेल तर तीही आहे. एसआर ४४ म्हणून चांदीचा सेल मिळतो. तो शेवटपर्यंत एकसारखा १.५५ व्होल्ट देतो, म्हणजे स्थिर आहे, फक्त जास्त आहे. घड्याळजी किंवा कॅमेरा दुरुस्त करणारा कारागीर आत बारीकसा डायोड जोडून तो जास्तीचा दाब उतरवून देतो. हाच डायोड बसवलेली तयार धातूची कडीही परदेशातून मागवता येते. मुंबईला फोर्टात बोरा बझारकडे कुणी जाणारं असेल तर तिथल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानांत विचारून पाहावं. मात्र खरेदी करताना डोळे उघडे ठेवा. एसआर ४४ आणि एलआर ४४ हे दोन्ही सेल मापानं नि रूपानं जुळ्या भावंडांसारखे असतात. एसआर चांदीचा, एलआर अल्कलाइन. दुकानदार “सगळे एकच हो ताई” म्हणेल, तरी सेलच्या पाठीवरचं अक्षर वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

नवा सेल बसवण्याआधी त्याची जागा स्वच्छ हवी. तुमच्या पत्रातल्या वर्णनावरून तिथेही पांढरा-हिरवट थर असणार. मोजे घालूनच, कापसाच्या काडीला दोन थेंब व्हिनेगर लावून तो पुसा. व्हिनेगर नसेल तर लिंबाचा रस चालेल. तो क्षार आंबटानंच मरतो. मग स्पिरिटच्या दुसऱ्या काडीनं पुसून वाळू द्या. कॅमेरा तिरका धरा, म्हणजे ओल आत उतरणार नाही. हे काम ओट्यावर करू नका. गच्चीत किंवा पडवीत जुन्या वर्तमानपत्रावर करा, नि काड्या-कागद त्या पिशवीत. घासूनही पट्टी काळीच राहिली आणि काटा जागचा हलेना, तर आतली तार कुजली आहे. ते काम कारागिराचं. सुई-दाभण घेऊन आत खुपसत बसू नये.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फिल्म घालण्याआधी काट्याची परीक्षा घ्या. रोल काही आता पूर्वीसारखा स्वस्त राहिलेला नाही. गावातल्या स्टुडिओत धुवायची सोय बहुतेक ठिकाणी गेली आहे. पुण्या-मुंबईला पाठवून तो परत येईपर्यंत कार्य उरकून पाहुणे घरी गेलेले असतात. साखरपुड्याचं एक वेळ चाललं, पण सहस्रचंद्रदर्शन काही पुन्हा करता येणार नाही.

परीक्षा अशी. सकाळी दहा-अकराच्या स्वच्छ उन्हात अंगणात या. कॅमेऱ्यावर एएसए १०० लावा, गती २५० ला ठेवा, लेन्सवरचं कडं ‘ए’ वर. ऊन पाठीशी घेऊन उन्हात असलेल्या मातीकडे किंवा हिरवळीकडे कॅमेरा रोखा. चुन्याची पांढरी भिंत नको, काळा दगडही नको. काटा साधारण ११ च्या आसपास थांबला पाहिजे. सरळ १६ वर गेला तर तो अजून उजेड फुगवून सांगतोय. मग हीच परीक्षा माजघरात घ्या, कारण उन्हात बरोबर निघालेला काटा सावलीत चुकतो असंही होतं. तिथे ताळा कशाशी पाहायचा? नातीच्या हातातल्या फोनशी. उजेड मोजायची सोय फोनवर फुकट मिळते, ती घ्यायला सांगा नि दोघांचे आकडे शेजारी शेजारी मांडा. काटा सगळीकडे एकसारखाच एक घर पुढे दाखवत असेल तर घाबरायचं कारण नाही. २०० चा रोल घातला असला तरी कॅमेऱ्यावर १०० लावायचं, की झालं. कधी एक घर, कधी तीन घरं अशी तऱ्हा असेल तर दोष सेलचा नाही. तो उजेड ओळखणारा डोळाच म्हातारा झाला आहे, त्याला पन्नास वर्षं होत आली. असा काटा बाजूला ठेवावा.

आणि काटा बाजूला ठेवला तरी कॅमेरा चालतो, बरं का! हे त्या दुकानदारानं तुम्हांला सांगायला हवं होतं. कॅननेटचं कडं ‘ए’ वरून काढून आकड्यांवर आणलं की तो सेलशिवाय फोटो काढतो. नातीनं फोनवर उजेड मोजायचा, तो आकडा कॅमेऱ्यावर लावायचा. माझं मत विचाराल तर कार्याच्या दिवशी असंच करा, सेल कितीही बरोबर बसला असला तरी. कारण सांगते. सासूबाईंना एक्क्याऐंशी दिव्यांनी ओवाळाल, त्या वेळी निरांजनांच्या ताटाकडे कॅमेरा रोखला की काटा ज्योतींनाच भुलतो. त्याला वाटतं सगळीकडे लखलखाट आहे, आणि त्या उजेडामागचा सासूबाईंचा चेहरा अंधारात जातो. ओवाळणं सुरू व्हायच्या आधी त्यांच्या गालाजवळचा उजेड मोजून घ्या, तोच आकडा शेवटपर्यंत ठेवा. घरातल्या फोटोंना ४०० चा रोल घ्या. चौरंग खिडकीला पाठ करून मांडू नका, खिडकी बाजूला येईल असा मांडा.

हे पत्र वाचून ज्यांच्या घरी दुसरे कॅमेरे आहेत त्यांच्यासाठी थोडं. आधी सेलच्या झाकणावर काय लिहिलंय ते वाचा. पीएक्स ६२५, पीएक्स १३ किंवा एमआर ९ असेल तर वर सांगितलेलं सगळं तुम्हांलाही लागू. याशिका मॅट १२४ जी, मिनोल्टा एसआरटी १०१, ऑलिंपस ओएम १ यांत हाच सेल होता, आणि या तिन्हींचा खटका सेलशिवाय चालतो. याशिका इलेक्ट्रो ३५ ची गोष्ट वेगळी. त्याला ५.६ व्होल्टची वेगळी लांबट बॅटरी लागे. आता ६ व्होल्टची बॅटरी कडी नि स्प्रिंग लावून बसवतात आणि तो कॅमेरा एवढा फरक मनावर घेत नाही. मात्र सेलशिवाय त्याचा खटका एकाच गतीनं, १/५०० नं, पडतो. पेंटॅक्स स्पॉटमॅटिकची आतली जोडणीच अशी आहे की थोड्या जास्त दाबानं काट्यात फरक पडत नाही, तिथे चांदीचा सेल बिनधास्त घाला. पेंटॅक्स के १००० सारखे मागाहूनचे कॅमेरे पहिल्यापासून दीड व्होल्टवरच बांधलेले आहेत, त्यांना हा प्रश्नच नाही. ऑलिंपस ट्रिप ३५ च्या लेन्सभोवती जाळीदार काच आहे, ती उजेडावरच चालते, सेल नाहीच. आणि कित्येक घरांतून असलेला आपला बडोद्याला बनलेला आग्फा क्लिक थ्री! त्यात सेलही नाही, काटाही नाही. ऊन की ढग एवढं बघायचं नि खटका दाबायचा.

शेवटी दोन गोष्टी. काम झाल्यावर सेल कॅमेऱ्यातून काढून ठेवा. विशेषतः पावसाळ्याआधी तर आठवणीनं काढाच, आणि कॅमेराही कातडी पाकिटात कोंडून ठेवू नका. खोबरेल लावलेल्या कातड्यावर बुरशी धरते नि तिथून ती काचेवर चढते. आणि बटण सेल कुठल्याही जातीचा असो, चिमुरड्यानं गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवू नका, केळं भरवू नका, वाट बघू नका. तडक दवाखान्यात न्या नि क्ष-किरण काढायला सांगा. पाऱ्याचा नसला म्हणून तो निरुपद्रवी होत नाही. गाडीच्या किल्लीत असतो तो तीन व्होल्टचा चपटा सेल तर घशात अडकला की दोन तासांत अन्ननलिका जाळतो.

लासलगावच्या भगिनींनी काट्याची परीक्षा झाल्यावर दोन्ही ठिकाणचे आकडे लिहून पाठवावेत. एएसए किती कमी लावायचं ते मार्गशीर्षाच्या आत पत्रानं कळवीन. पुढच्या आठवड्यात घाटकोपर आणि मिरज इथून आलेल्या दोन पत्रांचा विचार करू. दोन्हींचा विषय एकच आहे, शिवणयंत्राचा पट्टा नि त्याची कुरकुर.